आयपीएस की डीवायएसपी? मुंबई पोलिसांत वर नेणाऱ्या दोन वाटा

‘डीसीपी व्हायचं तर यूपीएससी द्यावी की एमपीएससी?’ परळ-लालबागपासून डोंबिवली-बदलापूरपर्यंतच्या अभ्यासिकांमध्ये हा प्रश्न सतत कानावर येतो. प्रश्न साधा वाटतो, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते. डीसीपी म्हणजे पोलीस उपायुक्त हे पद आहे, तर आयपीएस ही सेवा आहे. कुठलीही परीक्षा पास होऊन कुणी थेट डीसीपी होत नाही. यूपीएससी तुम्हाला भारतीय पोलीस सेवेत, म्हणजे आयपीएसमध्ये घेते. एमपीएससीची राज्यसेवा तुम्हाला महाराष्ट्र पोलीस सेवेत घेते आणि तिथे सुरुवात पोलीस उपअधीक्षक (डीवायएसपी) किंवा सहायक पोलीस आयुक्त या पदापासून होते. पुढे काही वर्षांनी हे दोघेही मुंबईत शेजारशेजारच्या परिमंडळांचे उपायुक्त असू शकतात. बदल्यांच्या सरकारी आदेशात मात्र एकाला ‘भापोसे’ म्हटलेलं असतं, दुसऱ्याला ‘मपोसे’.

गोंधळ वाढायला मुंबईची रचनाही कारणीभूत आहे. जिल्ह्यात जो पोलीस उपअधीक्षक, तो आयुक्तालयात सहायक आयुक्त म्हणजे एसीपी. जिल्ह्याचा पोलीस अधीक्षक तो इथे उपायुक्त, उपमहानिरीक्षक तो अपर आयुक्त आणि विशेष महानिरीक्षक तो सहआयुक्त. सगळ्यांच्या वर पोलीस आयुक्त, जे अपर महासंचालक किंवा महासंचालक दर्जाचे असतात आणि क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मुख्यालयात बसतात. त्यामुळे गावाकडून आलेला मुलगा ‘डीवायएसपी’ म्हणतो आणि मुंबईतला ‘एसीपी’ म्हणतो, तेव्हा दोघे एकाच पायरीबद्दल बोलत असतात. साताऱ्यात असलेल्या नातेवाइकांचा सल्ला ऐकताना हे डोक्यात ठेवा.

पद आणि सेवा यांतला फरक समजायला ‘मकोका’ फार उपयोगी पडतो. मुंबईतल्या टोळीयुद्धांच्या काळानंतर, 1999 मध्ये हा महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा आला. त्यात प्रत्येक टप्प्यावर कोणत्या दर्जाचा अधिकारी हवा ते लिहून ठेवलं आहे. उपमहानिरीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी नसेल तर हा कायदा लावून गुन्हाच नोंदवता येत नाही. तपास उपअधीक्षकाच्या, म्हणजे मुंबईत एसीपीच्या, खालचा अधिकारी करू शकत नाही. आरोपीचा कबुलीजबाब किमान अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे व्हावा लागतो, म्हणून मुंबईत तो डीसीपी नोंदवतात. आणि अपर महासंचालक दर्जाची परवानगी आल्याशिवाय विशेष न्यायालय खटला दाखल करून घेत नाही. एकच फाइल अशी पायरी पायरीने वर चढते. या साऱ्या प्रवासात कायदा फक्त दर्जा विचारतो. तो डीसीपी यूपीएससीतून आला की राज्यसेवेतून, याच्याशी न्यायालयाला देणंघेणं नाही. अ‍ॅट्रॉसिटीच्या गुन्ह्याचंही तसंच आहे: तपास उपअधीक्षक किंवा एसीपीच्या खालच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही. म्हणून ‘एसीपी म्हणजे काय, नुसतं मधलं पद’ असं कुणी म्हणालं की मला वाईट वाटतं. एखाद्या दलित कुटुंबाची तक्रार नीट तपासली जाते की कागदावरच राहते, हे पुष्कळदा याच खुर्चीत ठरतं.

मग सेवेने काय ठरतं? तुमचा मालक कोण, तुम्ही कुठे राहणार आणि किती लवकर वर जाणार, हे तीन प्रश्न.

आयपीएस ही अखिल भारतीय सेवा आहे. नेमणूक केंद्राची, काम राज्यात. राज्य सरकार बदली करू शकतं, निलंबितही करू शकतं, पण सेवेतून काढून टाकण्याचा अधिकार त्याच्याकडे नाही. ‘मपोसे’ अधिकाऱ्याची नेमणूक आणि शिस्तभंगाची कारवाई, दोन्ही राज्याच्या हातात. आयपीएस अधिकाऱ्याला पुढे सीबीआय, आयबी, एनआयए, सीआरपीएफ, बीएसएफ यांची दारं प्रतिनियुक्तीने उघडी असतात. राज्य सेवेतल्या अधिकाऱ्याची बहुतेक कारकीर्द महाराष्ट्रातच जाते.

इथेच मुंबईच्या मुलामुलींचा अंदाज सर्वांत जास्त चुकतो. आयपीएस मिळालं म्हणजे महाराष्ट्र मिळालं असं नाही. केडरवाटपात, म्हणजे कुणाला कोणतं राज्य द्यायचं हे ठरवताना, आपल्याच राज्यातल्या आणि बाहेरच्या उमेदवारांचं प्रमाण ढोबळमानाने एकास दोन असतं, आणि तुमच्या क्रमांकाला व प्रवर्गाला त्या वर्षी महाराष्ट्रात जागा असेल तरच घरचं केडर. नाहीतर मणिपूर, तामिळनाडू किंवा बिहार, आणि तेही आयुष्यभरासाठी. तिथली भाषा शिकायची, तिथल्याच पोलीस ठाण्यांत मुरायचं. हे ज्याला मनापासून आवडेल त्याने जरूर जावं, फार मोठं आयुष्य आहे ते. पण आईवडील एकटे आहेत, मुंबई-महाराष्ट्र सोडायचाच नाही, असं ज्याचं आधीच ठरलंय, त्याने राज्यसेवा ही ‘हुकलेली यूपीएससी’ समजू नये. त्याच्यासाठी ती पहिली पसंती असायला काहीच हरकत नाही.

आता परीक्षा. पूर्वी दोन्हींची तयारी वेगळी वाटायची, कारण राज्यसेवेची मुख्य परीक्षा 800 गुणांची आणि जवळजवळ सगळी वस्तुनिष्ठ होती. 2025 च्या राज्यसेवेपासून ती वर्णनात्मक झाली. हा बदल आधी 2023 मध्येच लागू होणार होता, पण पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि तो पुढे गेला. आता दोन्ही मुख्य परीक्षांचा सांगाडा सारखाच आहे: भाषेचे दोन पेपर प्रत्येकी 300 गुणांचे, फक्त पात्रतेपुरते, निबंध 250, सामान्य अध्ययनाचे चार पेपर प्रत्येकी 250, वैकल्पिक विषयाचे दोन, तेही 250 चे. एकूण 1750, मुलाखत 275, बेरीज 2025. पूर्व परीक्षेत सी-सॅटला, म्हणजे कल तपासणाऱ्या दुसऱ्या पेपरला, दोन्हीकडे 33 टक्के मिळाले की पुरे, यादी पहिल्या पेपरवर लागते. अट कुठल्याही शाखेच्या पदवीची. यूपीएससीची मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते आणि मुलाखतही मराठीतून देता येते. हे अजून कित्येक मुलांना माहीत नसतं, म्हणून मुद्दाम सांगतो.

सांगाडा सारखा झाला तरी मजकूर सारखा नाही. एमपीएससीत महाराष्ट्राचा इतिहास, भूगोल, इथल्या समाजसुधारणा, राज्याची अर्थव्यवस्था यांना वजन आहे, आणि मराठी लिहिता-वाचता येणं ही अटच आहे. यूपीएससीचा आवाका देशभराचा. दिल्लीची पुस्तकं वाचून राज्यसेवा आपोआप निघेल या भरवशावर राहू नका. उत्तरं लिहिण्याचा सराव मात्र आता दोन्हीकडे सारखाच कामाला येतो, आणि माझ्या मते तयारीतला सर्वांत दुर्लक्षित भाग तोच आहे.

स्पर्धेचं गणित वेगळं आहे. यूपीएससीतून आयपीएसच्या जागा अलीकडच्या वर्षांत दीडशे ते दोनशेच्या घरात राहिल्या आहेत, त्याही अख्ख्या देशासाठी. राज्यसेवेत उपअधीक्षकाच्या जागा दरवर्षी ठरलेल्या नसतात. शासनाचं मागणीपत्र येईल तेवढ्या. काही जाहिरातींत मोजक्या, काहींत सुरुवातीला एकही नाही. त्यामुळे ‘मी फक्त डीवायएसपीसाठीच एमपीएससी देणार’ असं म्हणणाऱ्याला धीर फार लागतो. उपजिल्हाधिकारी, तहसीलदार या पदांचाही मनापासून विचार करून ठेवा.

वय. यूपीएससीला खुल्या प्रवर्गासाठी 21 ते 32 आणि सहा प्रयत्न. ओबीसींना 35 पर्यंत नऊ प्रयत्न. अनुसूचित जाती-जमातींना 37 पर्यंत, प्रयत्नांची मर्यादा नाही. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गात 38 आणि मागासवर्गीयांना 43 पर्यंत संधी. नोकरी सांभाळून, लोकलच्या गर्दीत उभ्याने नोट्स वाचणाऱ्या तिशीतल्या माणसासाठी हा फरक फार मोठा आहे.

उंचीचं कलम मुलींनी तर आधी वाचावं. पुरुषांसाठी दोन्हीकडे किमान 165 सेंटीमीटर. स्त्रियांसाठी आयपीएसला 150, पण एमपीएससीच्या उपअधीक्षक पदाला 157. म्हणजे 153 सेंटीमीटर उंचीची मुलगी देशाच्या पोलीस सेवेत जाऊ शकते, राज्याच्या उपअधीक्षक पदासाठी मात्र अपात्र ठरते! अनुसूचित जमातींच्या उमेदवारांना आयपीएसमध्ये आणखी सवलत आहे: पुरुष 160, स्त्रिया 145. वर्षानुवर्षं वर्दीचं स्वप्न पाहून शेवटी मोजपट्टीपाशी अडकण्यापेक्षा आजच भिंतीला टेकून उंची मोजा आणि ज्या वर्षी अर्ज भराल त्या वर्षीची जाहिरात शब्दन् शब्द वाचा. पोलिसासाठी अपात्र ठरलात तरी इतर सेवा बंद होत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

निवड झाल्यावर एक जण हैदराबादच्या सरदार वल्लभभाई पटेल राष्ट्रीय पोलीस अकादमीत जातो, दुसरा नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत. सुरुवातीचं मूळ वेतन, ऐकून आश्चर्य वाटेल, सातव्या वेतन आयोगात दोघांचं सारखंच आहे: 56,100 रुपये. पहिली जबाबदारीही एकाच प्रकारची, उपविभाग सांभाळण्याची. वाटा फुटतात त्या यानंतर. आयपीएस अधिकारी चार वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणीत जातो, अपर अधीक्षक, अधीक्षक होतो, आणि मुंबईत येतो तो सहसा थेट डीसीपी म्हणून. उपअधीक्षकाला तिथे पोचायला कितीतरी जास्त वर्षं लागतात. पण या वर्षांत त्याला पंचनामा, बंदोबस्त, गणेशोत्सवातल्या मंडळांशी बोलणं, मोर्चा शांतपणे परतवणं हे सगळं अंगवळणी पडतं. अशा एसीपीच्या हाताखाली काम केलेले पोलीस निरीक्षक त्याच्याबद्दल ज्या आदराने बोलतात, तो कुठल्या परीक्षेच्या गुणपत्रिकेवर नसतो.

शिवाय राज्यसेवेची वाट आयपीएसलाही जाऊन मिळते. 1955 च्या पदोन्नती विनियमांनुसार उपअधीक्षक दर्जाच्या पदावर किमान आठ वर्षं झालेला अधिकारी विचारात घेता येतो, आणि आयपीएसच्या ठरावीक वरिष्ठ पदांच्या एक तृतीयांशापर्यंत जागा अशा बढतीसाठी असतात. निवड समितीचं अध्यक्षपद यूपीएससीकडेच असतं. आठ वर्षं ही किमान अट झाली. प्रत्यक्षात वाट बरीच लांबते. एक फायदा ठळक आहे: राज्याच्या सेवेत निवृत्ती 58 व्या वर्षी, आयपीएसमध्ये 60 व्या.

तिसरी वाट पोलीस उपनिरीक्षकाची, तीही एमपीएससीचीच पण वेगळी परीक्षा. पीएसआय, मग सहायक निरीक्षक, निरीक्षक आणि नोकरीच्या उत्तरार्धात एसीपी. मुंबईतले कितीतरी एसीपी याच वाटेने आलेले असतात. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री कामा रुग्णालयाजवळ पोलिसांच्या एकाच गाडीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर होते. करकरे आणि कामटे आयपीएस होते, साळसकर 1983 मध्ये उपनिरीक्षक म्हणून भरती होऊन वरिष्ठ निरीक्षक झालेले. तिघांनाही मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. उपनिरीक्षकाच्या वाटेला जे कमी लेखतात, त्यांना हे सांगावंसं वाटतं.

माझा सल्ला विचाराल तर पंचविशीच्या आतल्या मुलाने यूपीएससी समोर ठेवून अभ्यास सुरू करावा, पहिल्या वर्षापासून महाराष्ट्राचा भाग जोडीने करावा आणि राज्यसेवेचा अर्ज एकदाही चुकवू नये. तिशी ओलांडलेल्याने उलट करावं. मुंबईत सीएसएमटीसमोर हजारीमल सोमाणी मार्गावर राज्य प्रशासकीय व्यावसायिक शिक्षण संस्था आहे, शासनाची, 1976 पासूनची. प्रवेश परीक्षा देऊन तिथे यूपीएससीची तयारी करता येते. ठाण्यात महापालिकेची चिंतामणराव देशमुख संस्था आहे. क्लासला लाखभर रुपये भरण्यापूर्वी या दोन ठिकाणी चौकशी करून या. आणि पसंतीक्रम भरायची वेळ येईल तेव्हा मित्राचा क्रम उतरवू नका: राज्यसेवेत पोलीस उपअधीक्षक उपजिल्हाधिकाऱ्याच्या वर ठेवायचं की खाली, यूपीएससीत आयपीएस महसूल सेवेच्या वर की खाली, हे घरच्यांशी बसून, केडरचा आणि बदल्यांचा विचार करून, अर्ज उघडण्याच्या आधीच कागदावर लिहून ठेवा.