तापी खोरे : भूरचना आणि धातुखनिजे

सातपुडा उत्तरेला आणि सातमाळा-अजिंठ्याची रांग दक्षिणेला. या दोहोंमध्ये तापीचे सखल खोरे पसरले आहे, पण ते एकट्या नदीने कोरलेले नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी पूर्व-पश्चिम विभंग (जमिनीतले तडे) आहेत. त्यांच्या दक्षिणेची जमीन खचली आणि खळग्यात गाळ साचत गेला. डोंगराला लागून गाळाची जाडी काही ठिकाणी 300 मीटरहून अधिक आहे, दक्षिणेकडे मात्र ती कमी होत जाऊन काळा पाषाण उघडा पडतो. चोपडा तालुक्यातील उनपदेवचा गरम झरा याच विभंगपट्ट्यात आहे.

काळा पाषाण म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा निवून बनलेला बेसाल्ट. त्याचे थर जवळपास आडवे आहेत. धुळे, साक्री, नंदुरबार भागात मात्र त्यांना छेदून डोलेराइटच्या (भेगांत शिरून निवलेल्या शिलारसाच्या कठीण खडकाच्या) उभ्या भिंती, म्हणजे डाइक, वर आल्या आहेत. भोवतालचा खडक झिजतो, डाइक टिकतो, म्हणून माळावर सरळ रेषेत दगडांची धार दिसते. विहिरीची जागा ठरवताना ही धार आधी पाहावी. अखंड डाइक भूजल अडवतो, त्यामुळे पाणी बहुधा चढाच्या बाजूला, डाइकलगतच्या भेगाळ पट्ट्यात मिळते. डाइकच्या पोटातच विहीर घेतली तर सुरुंगाचा खर्च वाढतो आणि विहीर कोरडी निघण्याची भीती असते.

धातूंच्या बाबतीत हे खोरे गरीबच. बेसाल्टमध्ये लोहाचे ऑक्साइड 10 ते 14 टक्के असते खरे, पण ते बहुतांशी सिलिकेट (सिलिका असलेल्या) खनिजांत अडकलेले असते. तांबे एका टन खडकात 100 ते 200 ग्रॅमच्या आसपास. अर्ध्या टक्क्याच्या धातुकात (धातू काढण्याजोग्या खडकात) ते टनाला 5 किलो असते. एवढा फरक भरून काढायचा, तर तांबे गोळा करून एका जागी साठवणारे खनिजयुक्त उष्ण पाणी किंवा गंधकाने संपृक्त शिलारस लागतो. इथला लाव्हा थरावर थर पसरून निवला, तसे साठे घडले नाहीत. भंडाऱ्याचे मँगनीज आणि गडचिरोलीचे लोह ज्या पुरातन खडकांत आहे, तसले खडक इथे असले तरी ते बेसाल्टच्या जाड थराखाली गाडलेले आहेत.

नदीपात्रातील काळी, जड वाळू लोहचुंबकाला चिकटते. ती मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचे चुंबकीय खनिज असते, पण तिच्यात टायटॅनियम असल्याने भट्टीत मळी (वितळलेला टाकाऊ भाग) घट्ट होते आणि लोखंड वेगळे काढणे जिकिरीचे जाते. प्रकाशे येथे तापी-गोमाई संगमावर 1955 साली झालेल्या उत्खननात लोहयुगाचे थर मिळाले. लोखंडाचा वापर त्यावरून दिसतो, पण मोठा स्थानिक साठा होता असे सिद्ध होत नाही.

खडकात चकाकणारे पांढरे-गुलाबी स्फटिक पाहून खाणीची स्वप्ने रंगतात. ते बहुधा स्टिल्बाइट किंवा ह्यूलँडाइट, म्हणजे झिओलाइट गटातील, धातू न देणारी खनिजे असतात. लाव्हातील वायूच्या पोकळ्यांत ते नंतर वाढतात. जळगाव परिसराचे नमुने संग्राहकांत प्रसिद्ध आहेत, आणि धातूच्या शोधात निघालेल्याला इथे एवढीच मौल्यवान चीज हाती लागते.