शिनाण्यांची मिशी आणि काळं पडलेलं वांगं

बाजारातून आणलेले शिनाणे, म्हणजे खडकाला चिकटून राहणारे समुद्री शिंपले, साफ करायला बसलं की खरा वेळ जातो तो त्यांची मिशी उपटण्यात. दोन शिंपांच्या फटीतून तपकिरी, राठ धाग्यांचा झुपका डोकावत असतो. चिमटीत धरून बिजागरीच्या दिशेने ओढला तर निघतो, नाहीतर नखं दुखतात. कचऱ्यात टाकण्याआधी एखाद्या धाग्याचं टोक निरखून बघा. तिथे एक चपटी टिकली दिसते, कधीकधी खडकाचा कण अजूनही धरून ठेवलेली. या टिकलीच्या रसायनावर चाळीसहून अधिक वर्षं संशोधन चालू आहे.

पाण्यात चिकटणं किती अवघड, हे ओल्या बोटाला चिकटपट्टी लावताना कळतं. दोष पट्टीचा नसतो. बोट आणि पट्टीच्या मध्ये पाण्याचा पातळ थर ठाण मांडून बसलेला असतो. समुद्रातल्या खडकावर हा थर कायमचा, त्यात मिठाचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, घट्ट बिलगलेले.

शिनाण्यांच्या शिंपल्यातून जिभेसारखा मांसल पाय बाहेर येतो आणि खडक चाचपतो. जागा पसंत पडली की टोकाकडची खोलगट वाटी दाबून धरतो. पायाच्या लांबीभर एक खाच असते. साच्यात रस ओतावा तशी तिच्यात प्रथिनं ओतली जातात. काही मिनिटांत पाय उचलला जातो आणि मागे राहतो टिकलीसह एक नवा धागा. असे डझनावारी धागे चहूबाजूंनी ताणून हा जीव लाटांच्या माऱ्यात उभा राहतो.

या प्रथिनांमधलं गुपित १९८१ साली हर्बर्ट वेट आणि मार्विन टँझर या अमेरिकी संशोधकांनी शिनाण्यांच्या जातभाईत, निळ्या शिंपल्यात शोधलं. ते म्हणजे डोपा नावाचं अमिनो आम्ल, प्रथिनाच्या साखळीतला एक दुवा. नाव ओळखीचं वाटेल, कारण पार्किन्सनच्या रुग्णांना देतात तेच हे द्रव्य आणि आपल्या खाजकुयलीच्या बियांमध्येही तेच असतं. डोपाच्या रेणूत शेजारीशेजारी दोन हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, असतात. खनिजाच्या पृष्ठभागाला ते चिमट्यासारखे पकडतात. टिकलीच्या तळाशी असणाऱ्या एका प्रथिनात तर दर दहा अमिनो आम्लांमागे जवळपास तीन डोपा असतात. डोपाच्या सोबतीला लायसिन हे आणखी एक अमिनो आम्ल असतं. खडकाला बिलगलेले आयन लायसिन हुसकावून लावतं आणि मोकळ्या जागेवर डोपा बसतं, असं २०१५ साली दिसून आलं. एकाने गर्दी हटवायची, दुसऱ्याने जागा धरायची.

पण डोपाला एक खोड आहे. चिरून ठेवलेलं वांगं काळं का पडतं? वांग्यातल्या अशाच जोड-हायड्रॉक्सिलवाल्या द्रव्याला हवेतला ऑक्सिजन गाठतो, वांग्यातलंच विकर (एन्झाइम) मदत करतं, आणि क्विनोन नावाची संयुगं तयार होऊन ती एकमेकांत गुंतत जातात. म्हणून आपण फोडी पाण्यात टाकतो, सफरचंदावर लिंबू पिळतो. समुद्राचं पाणी किंचित अल्कधर्मी, तेव्हा तिथे डोपाचं क्विनोन झटपट होतं आणि खडकाला धरायची ताकद कमी पडते. शिनाण्यांच्या जातभाईंचा तोडगा आपल्या लिंबासारखाच: पायाच्या वाटीखाली ते आम्लधर्मी वातावरण राखतात, शिवाय गंधकयुक्त एक प्रथिन बिघडू लागलेल्या डोपाला परत मूळ रूपात आणतं. आधी चिकटायचं, घट्ट व्हायचं ते नंतर. टिकलीच्या आतल्या भागात मात्र हेच गुंतणं कामाचं, कारण त्यानेच ती कडक होते. मला या साऱ्यात सर्वांत थोर वाटतं ते हे वेळेचं भान.

गंमत म्हणजे प्रयोगशाळेने वांग्याचीच बाजू घेतली. २००७ साली फिलिप मेसरस्मिथ या अमेरिकी संशोधकांच्या गटाने किंचित अल्कधर्मी पाण्यात डोपामाइन हे डोपाचंच भावंड विरघळवून त्यात वस्तू बुडवल्या. द्रावण काळवंडत गेलं आणि धातू, काच, प्लॅस्टिक, एवढंच काय, ज्याला काही चिकटू नये म्हणून आपण तव्याला लावतो त्या टेफ्लॉनवरही पातळ लेप बसला. या लेपावर मग हवं ते जोडता येतं.

बाजारात पोचलेली गोष्ट मात्र प्लायवूडची. नव्या कपाटाला येणाऱ्या उग्र वासात गोंदातून सुटणाऱ्या फॉर्मल्डिहाइड या वायूचा वाटा असतो. अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठातले कायचांग ली यांनी शिंपल्यांवरून धडा घेऊन सोयाबीनच्या पिठापासून फॉर्मल्डिहाइडविना चालणारा प्लायवूडचा गोंद बनवला. २००७ साली त्याला अमेरिकेचा हरित रसायनशास्त्राचा पुरस्कार मिळाला. शिंपल्यांतूनच गोंद काढायचा तर ग्रॅमभर प्रथिनासाठी हजारो जीव लागतात, म्हणून ही नक्कलच परवडते.

शस्त्रक्रियेत टाक्यांऐवजी असा गोंद वापरता येईल का, यावरही काम चालू आहे. पण तिथे सुटण्याचाही प्रश्न असतो. शिंपल्याला तेही जमतं. मिशीचं मूळ शरीरात जिथे रोवलेलं असतं तिथे हलणाऱ्या सूक्ष्म केसांचा दाट थर असतो. त्यांची हालचाल सेरोटोनिन आणि डोपामाइन या मज्जारसायनांच्या ताब्यात असते, असं कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली दाखवलं. जागा नकोशी झाली की शिंपला अख्खी मिशी सोडून देतो आणि दुसरीकडे नवी विणायला घेतो.