नवीन डीएसएलआर घेतलात? फोटो काळपट नाहीतर पांढरेफटक का येतात ते वाचा

कॅमेरा नेल्यावर पंधरा दिवसांत बरेच जण परत येतात आणि म्हणतात, यात काहीतरी गडबड आहे हो, फोटो एकतर काळे येतायत नाहीतर पांढरेफटक. कॅमेरा बहुतेक वेळा ठणठणीत असतो, यूट्यूब बघून डायल थेट एम वर (सगळं स्वतः ठरवायचा मोड) नेलेला असतो एवढंच. म्हणून हा कागद बॉक्समध्ये टाकतोय, मॅन्युअल कोणी उघडत नाही हे आम्हाला माहितीये.

पहिला महिना एम ला हात लावू नका. डायल कॅननवर एव्ही, निकॉनवर ए. यात अपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक किती उघडायचं ते, तुम्ही ठरवायचं; शटर स्पीड, म्हणजे उजेड किती वेळ आत घ्यायचा ते, कॅमेरा बघतो. तुमची कॅमेऱ्यासोबत आलेली 18-55 मिमीची किट लेन्स 18 वर, म्हणजे झूम न करता, अपर्चरच्या 3.5 आकड्यापर्यंत उघडते पण पूर्ण झूम केलं की 5.6 च्या खाली येतच नाही, ती बिघडलेली नाही, तशीच असते. आकडा लहान तेवढं भोक मोठं, हे सुरुवातीला उलटंच वाटतं. 5.6 वरून 8 केलं की उजेड निम्मा, 8 वरून 11 केलं की परत निम्मा, प्रत्येक निम्म्याला एक स्टॉप म्हणतात.

आता मेन गोष्ट. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला पांढरं-काळं कळत नाही, समोर जे काही आहे ते मध्यम करडं आहे असं धरूनच तो उजेड मोजतो, त्यामुळे पांढरा सदरा घातलेले आजोबा चुन्याच्या भिंतीसमोर बसवलेत की सदरा मळका दिसतो आणि म्हशीचा क्लोजअप काढलात की म्हैस राखाडी होते. यासाठीच अधिक-उणे चिन्हाचं बटण दिलंय, ते दाबून धरायचं आणि चाक फिरवायचं. पांढरं जास्त असेल तर +1 (एक स्टॉप जास्त उजेड), काळं जास्त असेल तर -1. लोक नेमकं उलटं करतात! खिडकीला पाठ करून बसलेल्या माणसाचा चेहरा काळा येतो तिथेही प्लसच.

आणि काम झालं की आकडा शून्यावर आणा. एक गिऱ्हाईक अख्ख्या साखरपुड्याचे फोटो काळे आले म्हणून तावातावाने आलं होतं, बघतो तर -2 वर राहिलेलं, घरातल्या पोरांनी चाक फिरवलं असणार. कॅमेरा बंद करून चालू केला म्हणून तो आकडा आपोआप शून्यावर जाईल असं धरून चालू नका.

शटरकडेही लक्ष ठेवा. पूर्ण झूमला 1/100 सेकंदापेक्षा हळू गेला तर हात हलल्याचं दिसतं, पळणारी पोरं असतील तर 1/500 तरी हवा. स्पीड पुरत नसेल तर बिनधास्त आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) 1600 करा, थोडे दाणे येतील, येऊ देत, हललेला फोटो नंतर कशानेच नीट होत नाही. गणपतीच्या मांडवात एलईडीखाली पट्टे आले तर डायल कॅननवर टीव्ही किंवा निकॉनवर एस ला (इथे शटर स्पीड तुम्ही ठरवता) नेऊन 1/50 नाहीतर 1/100 ठेवून बघा, आपली वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात, डोळ्याला दिसत नाही पण कॅमेऱ्याला दिसतं.

तरी नाहीच जमलं तर कार्डासकट कॅमेरा घेऊन या, पण बिघडलेले फोटो डिलीट करू नका, सेटिंग त्यातच सापडतं. संध्याकाळी गर्दी असते, सकाळी आलात तर निवांत बसून दाखवू.