व्हाइट सँड्सची मोकळी जमीन

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातल्या व्हाइट सँड्स या क्षेपणास्त्र-चाचणी तळावरून संशोधनाचं रॉकेट उडतं, तेव्हा आतलं उपकरण अवकाशात जेमतेम काही मिनिटं काम करतं. मग ते पॅराशूटने वाळवंटात उतरतं. हेलिकॉप्टरने उचलून आणलं, डागडुजी केली, की तीच दुर्बीण पुन्हा उडवता येते. एवढ्यासाठीच खगोलशास्त्रज्ञांना हे ओसाड ठिकाण हवं असतं.

सुरुवात युद्धात हाती लागलेल्या जर्मन व्ही-२ रॉकेटांपासून झाली. २८ जून १९४६ च्या उड्डाणात वर्णपटमापक, म्हणजे प्रकाशाचे घटक वेगळे करून टिपणारं उपकरण, रॉकेटच्या नाकात होता. रॉकेट नाकावरच आपटलं आणि खड्डा उपसून हाती आला तो चुरा. १० ऑक्टोबरला उपकरण शेपटीच्या पंखात बसवलं आणि परतताना रॉकेटचं नाक स्फोटाने उडवलं, म्हणजे उरलेला सांगाडा गिरक्या खात, वेग कमी होत खाली येईल. फिल्म वाचली. ओझोन थराच्या वरून टिपलेला सूर्याचा अतिनील वर्णपट पहिल्यांदाच पाहायला मिळाला. पुढच्या वर्षी २९ मे रोजी एक रॉकेट उलट्या दिशेने गेलं आणि सीमेपलीकडे मेक्सिकोतल्या हुआरेझ शहराजवळ कोसळलं. सुदैवाने कोणी दगावलं नाही.

जून १९६२ मधलं एरोबी नावाचं संशोधन-रॉकेट चंद्रावरून येणारे क्ष-किरण शोधायला गेलं होतं. आधीच्या एका उड्डाणात उपकरणासमोरची झडपं उघडलीच नव्हती. या वेळी उघडली, आणि सापडला तो वृश्चिक राशीतला, सूर्यमालेबाहेरचा पहिला क्ष-किरण स्रोत. त्या वाटेवरच्या कामाला २००२ मध्ये नोबेल मिळालं.

नकाशावर कोरी दिसणारी ही जमीन मुळात कोरी नव्हती. १९४२ पासून पशुपालक कुटुंबांना युद्धासाठी म्हणून हलवण्यात आलं. युद्ध संपल्यावर परत जायला मिळेल, अशी त्यांची समजूत होती. युद्ध संपलं आणि रॉकेटं आली. भाडेकरार वाढत गेले, सत्तरच्या दशकात जमिनी कायमच्या घेण्यात आल्या. घोडं अडलं ते भरपाईपाशी. पशुपालकांच्या नावावर थोडीच जमीन होती, बाकी कुरण सरकारी आणि परवान्यावर चालणारं. सरकारचं म्हणणं, मालकीच्या तुकड्याचे पैसे घ्या, परवाना ही मालमत्ता नव्हे. पशुपालक म्हणत, कुरणाशिवाय तो तुकडा काय कामाचा? कायद्याचा काटा सरकारकडे झुकला, व्यवहाराचा मात्र पशुपालकांकडेच झुकतो. १९८२ मध्ये ऐंशी ओलांडलेला एक पशुपालक पुतणीला घेऊन, हाती बंदूक धरून आपल्या जुन्या रानात ठाण मांडून बसला. तळावरच्या यशोगाथांत हा प्रसंग फारसा सांगितला जात नाही.

आता उड्डाणाआधी वारा मोजतात, नेम त्यानुसार दुरुस्त करतात. चाचणीच्या वेळी गरज पडली तर तळातून जाणारा महामार्ग ७० थोडा वेळ बंद होतो. तळाच्या उत्तरेला, चाचणीपुरत्या वापरल्या जाणाऱ्या विस्तारक्षेत्रातले पशुपालक करारानुसार ठरल्या दिवशी घर रिकामं करून बाहेर जातात. त्या दिवसांचे पैसे त्यांना मिळतात.