निळा पंप आणि रोजचा पंप: पैसे एकाचेच असतील तर?

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका मेडिकलच्या काउंटरवर मी १४ वर्षं उभी आहे. दम्याची चिठ्ठी आली की त्यावर बहुतेक वेळा दोन पंप, म्हणजे इनहेलर, लिहिलेले असतात: निळा दम लागल्यावर ओढायचा आणि दुसरा रोज ओढायचा. गिऱ्हाईक दोन्हींचे दर विचारतं, पाकीट उघडून बघतं आणि म्हणतं, "निळा तेवढा द्या ताई, दुसरा पुढच्या महिन्यात बघू." तो पुढचा महिना फारसा येत नाही.

यात त्यांची चूक आहे असं मला कधीच वाटलं नाही. दुसरा पंप बहुतेक कंपन्यांचा दुपटीच्या आसपास किंवा त्याहून महाग असतो. शिवाय निळा ओढला की पाच मिनिटांत छाती मोकळी होते, आणि दुसरा ओढून काहीच जाणवत नाही. काहीच जाणवत नसलेल्या वस्तूला जास्त पैसे कोण देईल? पण दोघांचं काम एकच आहे, एक जोरदार आणि एक सौम्य, असा जो समज झालाय तोच घात करतो. दोघांची कामं वेगळी आहेत.

शेताला पाणी देणारी रबरी पाइप डोळ्यांपुढे आणा. वरून कुणी पाय दिला तर पाणी अडतं. आतून शेवाळ धरलं तरी अडतं. दम्यात श्वासनळीचं दोन्ही होतं: बाहेरचे स्नायू आवळतात आणि आतलं अस्तर सुजून चिकट होतं. निळ्या पंपातलं साल्ब्युटामॉल पाय उचलतं, म्हणजे आवळलेले स्नायू सैल करतं. परिणाम चार ते सहा तास राहतो. आतल्या सुजेला ते हातही लावत नाही. रोजच्या पंपातलं ब्युडेसोनाइड, बेक्लोमेथासोन किंवा फ्लुटिकासोन ती सूज उतरवतं. ते हळू चालतं. फरक कळायला काही दिवस जातात, पुरता फरक पडायला काही आठवडे. बरं वाटलं म्हणून पंप ठेवून दिला की सूज पुन्हा धरते, आणि मग एखाद्या रात्री अचानक दम उसळला असं घरचे म्हणतात. अचानक काही नसतं, ती सूज कितीतरी दिवस वाढत असते.

करवीर तालुक्यातले एक मामा माझ्याकडे येतात. हंगामात गुऱ्हाळावर चुलवाणाला जाळ घालायचं काम, म्हणजे दिवसभर चिपाडाचा धूर. मागच्या हंगामात ते दर महिन्याला निळा पंप न्यायला लागले. मी विचारलं, तर म्हणाले, "ह्योच लागू पडतोय बघा. त्यो दुसरा वढला तर काय बी हुईत न्हाई."

मी त्यांच्यासमोर कागदावर हिशोब मांडला. निळ्या पंपात बहुधा २०० मात्रा असतात. महिन्यात एक संपतो म्हणजे दिवसाला साडेसहा दाब. वर्षाचे १२ पंप. दम्यावरच्या जागतिक मार्गदर्शक सूचना सांगतात की वर्षाला असे तीन किंवा जास्त पंप लागत असतील तर दम्याचे झटके येण्याचा धोका वाढतो, आणि १२ किंवा जास्त लागत असतील तर मृत्यूचा धोका वाढतो. म्हणूनच २०१९ पासून या सूचनांमध्ये दम्यासाठी नुसता निळा पंप देऊ नका असं स्पष्ट म्हटलंय. पैशाचं बघायचं तर १२ निळे पंप, त्यात दोनदा रात्री खासगी दवाखान्यात वाफ, एखादं सलाइन आणि बुडालेल्या हजेऱ्या. स्वस्त म्हणून घेतलेला पंपच महागात पडत होता. मामा बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले.

मग दोन्ही परवडत नसतील तर? ही गोष्ट मला सगळ्यांत जास्त सांगायची आहे, कारण ती फार थोड्या लोकांना माहीत असते. ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप मिळतो. फॉर्मोटेरॉल निळ्यासारखंच काही मिनिटांत श्वासनळी सैल करतं आणि त्याचा परिणाम १२ तासांच्या आसपास टिकतो, सोबतचं ब्युडेसोनाइड सूज उतरवतं. म्हणून हा एकच पंप, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत, रोजचाही होतो आणि दम लागल्यावरचाही. सौम्य दमा असेल तर काहींना तो लागेल तेव्हाच वापरून चालतो. मात्र सगळे जोडपंप असे नसतात. ज्यात साल्मेटेरॉल आहे तो सावकाश काम करतो, दम लागल्यावर त्याचा उपयोग नाही. तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा, "माझं एका पंपात भागेल का? मला दोन झेपत नाहीत." असं विचारायला लाजू नका. पैशांची अडचण कळली तरच ते चिठ्ठी त्याप्रमाणे लिहू शकतील.

रंगावर मात्र विसंबू नका. साल्ब्युटामॉल निळं असतं हे बरंचसं खरं, पण बाकीच्यांचे रंग कंपनीगणिक बदलतात. डबीवरचं औषधाचं नाव वाचा, नाहीतर आमच्याकडून पेनानं लिहून घ्या: 'रोज' किंवा 'दम लागल्यावर'.

"त्यात स्टिरॉइड असतं ना?" हा प्रश्न दिवसातून एकदा तरी येतो. असतं. पण ते मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि थेट फुप्फुसात जातं. मोठ्यांची रोजची मात्रा २०० ते ४०० मायक्रोग्रॅमच्या घरात असते. उलट दम उसळल्यावर ज्या स्टिरॉइडच्या गोळ्या द्याव्या लागतात त्या दिवसाला ३०-४० मिलिग्रॅम, आणि त्या सगळ्या अंगात फिरतात. एक मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. वारंवार अशा गोळ्या घेतल्या की साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो. पंपाला घाबरून गोळ्यांकडे जाणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. साल्ब्युटामॉलचंही तेच: चार मिलिग्रॅमच्या एका गोळीत पंपाच्या ४० दाबांइतकं औषध असतं, म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. पुडीतून मिळणाऱ्या बिननावाच्या गोळ्यांत काय असतं ते देणाऱ्यालाच ठाऊक, त्या घेऊच नका. कोजागिरीचं दम्याचं औषध श्रद्धेनं घेणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. ते घेतलं म्हणून रोजचा पंप मात्र सोडू नका. पंपाची सवय लागते हीही अफवाच. रोजचा पंप ओढल्यावर चूळ भरून पाणी थुंकून टाका, म्हणजे तोंड येत नाही आणि आवाज बसत नाही.

पैसे सर्वांत जास्त वाया जातात ते ओढण्याच्या पद्धतीत. पंप दाबला आणि श्वास मागून घेतला तर औषध घशातच राहतं. सावकाश, खोल श्वास घेत घेत दाबायचा आणि दहा अंक मोजेपर्यंत श्वास धरायचा. जमत नसेल तर मध्ये स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधली पोकळ नळी, लावा. स्पेसरला पैसे नसतील तर ५०० मिलीच्या प्लास्टिक बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून, फट चिकटवून, बाटलीच्या तोंडातून श्वास घेता येतो. दक्षिण आफ्रिकेत मुलांवर झालेल्या अभ्यासात असा बाटलीचा स्पेसर विकतच्या स्पेसरइतकाच उपयोगी ठरला होता. साबणाच्या पाण्यात धुवा, पण पुसू नका, हवेवर वाळू द्या. कॅप्सूलमधली पूड ओढायचं यंत्र सुरुवातीला स्वस्त पडतं. त्यात उलट, जोरानं ओढावं लागतं. आपल्याकडच्या पावसात ती पूड दमट होते, म्हणून कॅप्सूल ऐनवेळीच बाहेर काढा. आणि हो, ती गिळायची नसते. गिळणारे मी पाहिलेत.

पंप हलवून किंवा पाण्यात टाकून उरलेलं औषध कळत नाही. औषध संपल्यावरही नुसता वायू येत राहतो. मात्रा मोजणारा आकडा नसेल तर सुरू केल्याची तारीख डबीवर लिहा आणि एकूण मात्रांना रोजच्या दाबांनी भागा, म्हणजे किती दिवस पुरेल ते कळेल.

आपण ज्याला सरसकट दमा म्हणतो त्यात सीओपीडी हा फुप्फुसाचा जुनाट आजारही येतो: वर्षानुवर्षं विडी ओढलेली किंवा चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेली, चाळिशी ओलांडलेली माणसं, कफ, चढणीला लागणारी धाप, आणि कधीच पूर्ण न उतरणारा दम. तिथं रोजचा पंप वेगळा असतो, बहुधा टायोट्रोपियमसारखा, आणि नुसतं स्टिरॉइड कामाचं नसतं. म्हणून शेजारच्या काकूंचा पंप आणून वापरू नका. स्पायरोमेट्रीत, म्हणजे श्वासाच्या तपासणीत, पंपाआधी आणि १५ मिनिटांनंतर फुंकायला लावतात, त्यातून दोन्हींतला फरक बराचसा कळतो. थोरल्या दवाखान्यात, म्हणजे सीपीआर या सरकारी रुग्णालयात, तिची चौकशी करा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर टीबी नाही ना हे बघायला थुंकी तपासून घ्या, ती तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. पायाला सूज आणि आडवं झाल्यावर दम लागत असेल तर आधी हृदय दाखवा.

साल्ब्युटामॉल आणि ब्युडेसोनाइड दोन्ही राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, उपचार मोफत आहेत. आधी तिथं विचारा, मग जन औषधी केंद्रात, आणि शेवटी आमच्यासारख्या दुकानात. माझ्या धंद्याला हे परवडेल की नाही ते मी बघेन.

एक वाक्य एका दमात बोलता येत नसेल, ओठ निळे पडत असतील, किंवा दम लागल्यावरचा पंप ओढूनही आराम नसेल, तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत तोच पंप स्पेसरमधून देत राहा.

मामा आता जोडपंप नेतात. डॉक्टरांना फोन त्या दिवशी माझ्यासमोरच लावला होता, काउंटरवरूनच. पैसे कमी पडत असतील तर तुम्हीही चिठ्ठी घेऊन या, तुमच्या डॉक्टरांनाही आपण तसाच फोन लावू.