दवाखान्याचा वास आणि बिनवासाचे जंतू

आयसीयूतल्या पेशंटचा कल्चर रिपोर्ट, म्हणजे अंगात कुठला जंतू आहे आणि त्यावर कुठलं औषध चालतं हे सांगणारा कागद, हातात पडला की नातेवाईक आधी औषधांच्या नावांपुढची अक्षरं बघतात. ‘एस’ म्हणजे औषध लागू पडतं, ‘आर’ म्हणजे पडत नाही. मध्यंतरी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका ओळखीच्या माणसानं मला असा कागद दाखवला. जंतू ॲसिनेटोबॅक्टर. वरपासून खालपर्यंत आर, आर, आर, आणि तळाला कोलिस्टिन हे शेवटच्या फळीतलं अँटिबायोटिक तेवढं शिल्लक. त्याचा प्रश्न साधा होता : “हॉस्पिटल तर आरशागत चकाचक हाय. फिनाईलचा वास जिन्यापर्यंत येतोय. मग ह्यो आला कुठनं?”

त्याचं चुकलं असं मला म्हणवत नाही. दवाखाना साफ आहे की नाही हे डॉक्टरसुद्धा कितीतरी वर्षं नाकानंच ठरवत आले.

१८४७ साली व्हिएन्नाच्या सरकारी इस्पितळात इग्नाझ सेमेलवाइस हा डॉक्टर बाळंतिणींच्या मृत्यूंनी हैराण झाला होता. डॉक्टर आणि विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच प्रसूतीला यायचे, आणि त्यांच्या वॉर्डात बाया तापानं जायच्या. एप्रिलमध्ये तिथलं मृत्यूचं प्रमाण १८ टक्क्यांवर होतं. मे महिन्यात त्यानं सगळ्यांना क्लोरिनेटेड लाइमच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि जूनमध्ये ते २ टक्क्यांच्या आसपास आलं. क्लोरिनेटेड लाइम म्हणजे आपल्याकडची टीसीएल पावडर. पाणी शुद्ध करायला ग्रामपंचायत वापरते तीच. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर पंचगंगेकाठच्या घराघरांत टाकली गेली तीही तीच. पण सेमेलवाइसनं ती का निवडली? जंतू मारते म्हणून नव्हे. जंतूंमुळे रोग होतो हे तेव्हा कुणी सिद्ध केलेलं नव्हतं. प्रेताचा हाताला बसलेला वास तिनं जायचा, म्हणून निवडली. निदान नेमकं नव्हतं, पण औषध बरोबर निघालं.

जोसेफ लिस्टर या ब्रिटिश सर्जनचीही गोष्ट वासावरूनच सुरू होते. इंग्लंडमधल्या कार्लाइल गावात सांडपाण्याची दुर्गंधी घालवायला कार्बोलिक ॲसिड टाकत. लिस्टरच्या ते कानावर आलं. १८६५ च्या ऑगस्टमध्ये ग्लासगोत गाडीच्या चाकाखाली पाय मोडलेल्या ११ वर्षांच्या पोराच्या जखमेवर त्यानं कार्बोलिकचं ड्रेसिंग बांधलं. हाड जुळलं, जखम चिघळली नाही. पुढे उत्साहाच्या भरात तो ऑपरेशनच्या वेळी हवेतही कार्बोलिकचा फवारा मारू लागला. सर्जनांचे हात सोलवटले, खोकले सुरू झाले, आणि १८९० पर्यंत त्यानं स्वतःच फवारा सोडून दिला. कोल्हापूरचा थोरला दवाखाना, म्हणजे पूर्वीचं अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल आणि आताचं सीपीआर, त्याच सुमाराचा. उंच छत, मोठ्या खिडक्या, वारं खेळतं राहील अशी बांधणी. दूषित हवेनं रोग पसरतो ही जुनी समजूत त्या काळच्या इस्पितळांच्या दगडातच बसवलेली दिसते.

महाराष्ट्राला निर्जंतुकीकरणाची पहिली मोठी ओळख झाली ती मात्र दवाखान्यात नव्हे, घरात. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या काही वर्षांत कोल्हापूर संस्थानातही पोचला. पुण्यात १८९७ ला सोजीर घराघरांत शिरून भिंती-जमिनींवर जंतुनाशकं ओतत, सामान रस्त्यावर काढून जाळत. त्याचा संताप रँडच्या खुनापर्यंत गेला, हे आपण शाळेत शिकलो. शाळेत न सांगितलेला भाग असा की एवढं सगळं चुकीच्याच जागी चाललं होतं. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत दाखवून दिलं की प्लेग उंदरावरच्या पिसवांमधून येतो. भिंत धुतली तरी पिसू शाबूत. कुठला जंतू कुठल्या जागेवर बसतो हे माहीत नसताना केलेली फवारणी म्हणजे नुसता धाक. हे २०२० मध्ये पुन्हा दिसलं. ठिकठिकाणी माणसांवर हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनचं जंतुनाशक द्रावण, उडवणारे बोगदे उभे राहिले आणि शेवटी केंद्राच्या आरोग्य मंत्रालयालाच सांगावं लागलं की माणसांवर फवारू नका.

आता फिनाईल. तेही लिस्टरच्या कार्बोलिकच्याच घराण्यातलं. कोळशाच्या डांबरातून निघालेली काळी फिनाईल आणि पाईन तेलाच्या वासाची पांढरी. कधी कॅन उलटा करून लेबल बघा, बारीक अक्षरांत ‘आरडब्ल्यूसी’ आणि एक आकडा असतो. रिडील आणि वॉकर या दोघांनी १९०३ मध्ये ठरवलेली ही मोजपट्टी : शुद्ध फिनॉलच्या, म्हणजे कार्बोलिक ॲसिडच्याच, किती पट जोरात हे द्रावण जंतू मारतं. आपल्या भारतीय मानकात त्यावरून प्रतीही पाडल्यात. पहिल्या प्रतीला किमान १८, दुसरीला १०, तिसरीला ५. पण ही परीक्षा होते टायफॉइडच्या जंतूवर, काचेच्या नळीत, ठरलेल्या मिश्रणात. आयसीयूतल्या खाटेच्या कठड्यावर वाळलेल्या जंतूबद्दल तो आकडा काही बोलत नाही. आणि बादलीत टोपणभर टाकली की दोन टोपणं, याबद्दल तर अजिबातच नाही.

मग अँटिबायोटिकं आली आणि पृष्ठभागांकडचं लक्षच उडालं. पेनिसिलीनला न जुमानणारे स्टॅफिलोकॉकस, म्हणजे जखमा पिकवणारे जंतू, १९४० च्या दशकातच दिसू लागले होते. १९५९ मध्ये मेथिसिलीन हे नवं औषध आलं आणि १९६१ मध्ये ब्रिटनमध्ये त्यालाही न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस, म्हणजे एमआरएसए, सापडलासुद्धा. तरी दर वेळी नवं औषध हाताशी होतं. त्यात १९८२ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचा एक गाजलेला अभ्यास आला : जुन्या इमारतीतून कोऱ्या करकरीत इमारतीत इस्पितळ हलवलं, तरी पेशंटना होणाऱ्या संसर्गाचं प्रमाण बदललं नाही. त्यावरून अनेकांनी भिंती-फरशा निर्दोष सोडून दिल्या. सगळा दोष हातांवर आला. हात हे मुख्य वाहन आहेच, त्यात वाद नाही. पण हाताला जंतू लागतो कुठून, हा प्रश्न बाजूला पडला तो पडलाच.

तो परत आणला औषधं न जुमानणाऱ्या जंतूंनी. २००६ मध्ये जुन्या-नव्या प्रयोगांचा एक आढावा निघाला. त्यातली माहिती वाचून मला तरी घाम फुटला होता. कोरड्या पृष्ठभागावर ॲसिनेटोबॅक्टर ३ दिवसांपासून ५ महिन्यांपर्यंत जिवंत राहतो, स्टॅफिलोकॉकस ७ महिन्यांपर्यंत, क्लेब्सिएला तर ३० महिन्यांहूनही जास्त. त्याच वर्षी बोस्टनहून आणखी एक अभ्यास आला. आयसीयूच्या खोलीत आधीच्या पेशंटच्या अंगावर एमआरएसए किंवा व्हँकोमायसिनला दाद न देणारा एंटेरोकॉकस असेल, तर नंतर त्या खोलीत येणाऱ्याला तो लागण्याची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी वाढते. दोघांची गाठभेटही होत नाही. मधे असते फक्त खाट. २०१० मध्ये एनडीएम-१ च्या, म्हणजे जंतूंना जबर अँटिबायोटिकंही निकामी करू देणाऱ्या एन्झाइमच्या, नावावरून आपल्याकडे गदारोळ झाला. नावात दिल्ली का घातली यावर महिनोन् महिने बोललो, आपल्या वॉर्डांतल्या सिंकच्या जाळीत काय साठलंय यावर फारसं नाही.

इथं एक गैरसमज काढायला हवा. अँटिबायोटिकला न जुमानणारा जंतू क्लोरीनलाही जुमानत नाही, असं नसतं. अँटिबायोटिक जंतूच्या एखाद्या नेमक्या यंत्रणेवर घाव घालतं. तिथं जंतूनं कुलूप बदललं की काम थांबतं. हायपोक्लोराइट सगळंच जाळत सुटतं. एमआरएसए आणि साधा स्टॅफिलोकॉकस त्याच्यापुढे सारखेच मरतात, फक्त द्रावण नीट हवं. गोम तिथंच आहे. हायपो उन्हानं आणि उकाड्यानं उतरतं, म्हणून रोज ताजं करायचं. बाजारात ५ टक्क्यांचं मिळालं तर एक भाग त्यात चार भाग पाणी, म्हणजे १ टक्का होतं. पण कॅनवर १० टक्के असेल तर तेच माप चुकतं. रक्त, पू, धूळ असेल तर क्लोरीन त्यातच खर्ची पडतं, म्हणून आधी साबणानं पुसायचं. आणि जागा काही मिनिटं ओली राहायला हवी. फिरवलं फडकं आणि पंख्याखाली अर्ध्या मिनिटात सुकलं, तर ते पुसणं झालं, निर्जंतुक करणं नव्हे. शिवाय लोखंडाला गंज चढतो, म्हणून खाटेच्या कठड्यांना हायपो लावायला कुणी धजत नाही. सौम्य केलेल्या द्रावणाचं तर विचारूच नका. सेट्रिमाइड या जंतुनाशकाच्या बाटल्यांत स्यूडोमोनास जंतू चक्क सुखानं राहतात, हे १९५० च्या दशकातच ब्रिटनमध्ये नोंदलं गेलंय. अर्धी बाटली संपली की वरून भरायची, ही आपली सवय त्यांच्या पथ्यावरच पडते.

शहरातल्या एका खाजगी हॉस्पिटलात मी सकाळची सफाई बघत उभा होतो. एकच बादली, एकच पोछा. पहिल्या खाटेपाशी पाणी दुधाळ होतं, सहाव्या खाटेपर्यंत चहासारखं झालं. खरं तर साबणाचं, साध्या पाण्याचं आणि जंतुनाशकाचं अशा तीन बादल्या ठेवायच्या असतात. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, “पुसलंय की ओ, वास न्हाई आला व्हय?”

त्या दिवशी तिथल्या इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरनं आदल्या रात्री काही जागी डोळ्यांना न दिसणारं जेल लावून ठेवलं होतं. नीट पुसलं तर ते निघून जातं, राहिलं तर जांभळ्या टॉर्चखाली चमकतं. फरशी स्वच्छ निघाली. लॉकरची वरची बाजूही. चमकले ते मॉनिटरच्या बटणांवरचे, सलाईनच्या पंपावरचे आणि खाट वर-खाली करायच्या दांड्यावरचे ठिपके. मावशी वाकून बघत राहिल्या.

“मशीनला हात लावायचा न्हाई, असं सांगितलंय आमास्नी. ते सिस्टरांचं काम.”

ड्यूटीवरची सिस्टर टेबलावरून म्हणाली, “आम्ही मशीन चालवतो, मावशी. पुसायचं तुमच्याकडंच आहे.”