प्रवाळाचं विरजण

प्रवाळाची फांदी कापताना खडीसाखर फुटल्यासारखा आवाज येतो. हाडांचे डॉक्टर वापरतात तसली जाड कात्री, खाली पांढरा टब, टबात खारं पाणी. कट्कन बोटाच्या पेराएवढा तुकडा पडतो. कापलेल्या जागी आतला चुना पांढराफेक दिसतो आणि वरचं हिरवट मांस चिकट लाळ सोडायला लागतं. तो तुकडा आयोडीनच्या पाण्यात थोडा वेळ बुडवायचा, बुडाला सुपरग्लूचा जाडसर थेंब लावायचा आणि सिरॅमिकच्या बटणावर दाबून धरायचा. फेविक्विकच्याच जातीचा हा गोंद, ओलाव्यानेच आवळतो, म्हणून पाण्यातल्या कामाला बरा. काही आठवड्यांत मांस गोंदावरून खाली उतरतं आणि बटणाला मिठी मारतं. गुलाबाचं कलम करावं तसंच. फक्त हे झाड नाही, प्राणी आहे.

न्यू जर्सीतल्या आमच्या रीफ क्लबात, म्हणजे घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ पाळणाऱ्यांच्या मंडळात, ही कापाकापी दर दोन-तीन महिन्यांनी चालते. कुणाच्या तरी तळघरात जमायचं, कॉफी-डोनट, आणि टेबलावर थर्माकोलच्या खोक्यांत रंगीबेरंगी तुकडे. कुणी प्लंबर, कुणी दातांचा डॉक्टर, कुणी शाळेत शिकवणारी, आणि माझ्यासारखे दोन-तीन आयटीवाले देशी. पैसे कमी, अदलाबदल जास्त. बायको याला ‘पुरुषांची भिशी’ म्हणते. क्लबात बायकाही आहेत, पण ते तिला सांगून उपयोग नाही.

ही फांदी म्हणजे एक जीव नव्हे, अख्खी चाळ. मोहरीएवढे शेकडो पॉलिप एकमेकांना चिकटून राहतात आणि खाली चुन्याचा सांगाडा रचत जातात. प्रत्येकाच्या मांसात सूक्ष्म शैवाल भाडेकरू म्हणून असतं. ते उजेडात साखर तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतं. उथळ पाण्यातल्या काही प्रवाळांची ९० टक्क्यांपर्यंतची ऊर्जेची गरज या भाड्यावर भागते. पाण्यात खोलवर पोचतो तो मुख्यतः निळा प्रकाश आणि हे शैवालही त्यालाच सरावलेलं. म्हणून आमच्या घरात संध्याकाळी गणपतीच्या मांडवासारखा निळा उजेड पडलेला असतो. पाणी दोन-तीन अंशांनी तापून बरेच दिवस तसंच राहिलं, की ही भागीदारी मोडते, शैवाल बाहेर पडतं आणि मांसातून खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. बातम्यांत ‘प्रवाळ पांढरे पडले’ म्हणतात ते हेच.

लोकांना वाटतं, हा छंद माशांचा. मासे आहेत, पण मी खरं तर पाणी पाळतो. एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार, तापमान २५-२६ अंश. बाष्पीभवनात पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची घालायची. नवखा माणूस हमखास खारं पाणी ओततो आणि महिन्याभरात टाकीचा मृत समुद्र करून ठेवतो. क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर नावाची छोटी दुर्बीण असते. एकदा आम्ही सगळ्यांनी आपापली दुर्बीण आणून एकाच बाटलीतलं प्रमाणित ३५ चं द्रावण तपासलं. आकडे ३२ पासून ३८ पर्यंत आले, आणि ज्याचा ३८ आला तो गेली चार वर्षं सगळ्यांना सल्ले देत होता.

नवी टाकी भरली की लगेच काही सोडायचं नसतं. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, आणि तो विष. जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो (तेही विषच), दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो. ही मंडळी पुरेशी वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. पण जुन्या टाकीतला एक सच्छिद्र दगड आणून ठेवला तर काम भराभर होतं, कारण दगडाच्या भोकाभोकांत ती आधीच नांदत असतात. आत खोलवर, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथे आणखी एक जमात नायट्रेटमधला नायट्रोजन मोकळा करून हवेत सोडून देते. क्लबातल्या एकाने मला असा दगड दिला तेव्हा मी आईला फोनवर समजावत होतो. ती मध्येच म्हणाली, “म्हणजे विरजण दिलं त्यानं.” चार वाक्यांचं जीवशास्त्र तिने एका शब्दात उरकलं. हा शब्द पुढे माझ्या फार कामी आला.

अशा जिवंत दगडांवर टाकी चालवायची कल्पना जकार्तातल्या ली चिन एंग यांनी १९६१ साली लेख लिहून जगापुढे मांडली. दगड, समुद्राचं पाणी, ऊन आणि हवेचे बुडबुडे, एवढंच. पुढे बर्लिनच्या छांदिष्टांनी त्याला स्किमरची जोड दिली. स्किमर म्हणजे काय, हे कोल्हापूरकडच्या माणसाला समजावावं लागत नाही. गुऱ्हाळात रस उकळताना वर मळी येते आणि ती झाऱ्याने काढत राहतात. इथे उष्णतेऐवजी बारीक बुडबुडे सोडतात. प्रथिनांसारखे काही सेंद्रिय रेणू एका टोकाने पाण्याशी सलगी करतात आणि दुसऱ्या टोकाने पाणी टाळतात. ते बुडबुड्याच्या कडेला चिकटून फेसासोबत वर येतात. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात, म्हणून ही युक्ती समुद्री टाकीत छान चालते. कपात जमणारं ते हिरवट-काळं पाणी इतकं घाण वासाचं असतं, की ते ओतण्याचं काम घरात कायमचं माझ्याकडे आहे.

पण माझा जीव रमतो तो चुन्यात. प्रवाळ वाढतं म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट उचलून सांगाडा रचतं. समुद्रात दोन्हींचा साठा अफाट आहे. माझ्या ७५ गॅलनच्या, म्हणजे साधारण २८५ लिटरच्या टाकीत तो नाही. कॅल्शियम लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम राहायला हवं, आणि फांद्या जोरात वाढत असल्या की ते रोज थोडं थोडं उतरतं. यावर उपाय रुजवला तो पेटर विल्केन्स यांनी, १९७० च्या दशकात. उपाय काय? चुन्याची निवळी! हो, तीच. शाळेत नळीने फुंकर मारून दुधाळ केली होती तीच, आणि पेठा करताना कोहळ्याच्या फोडी जिच्यात ठेवतात तीही. विरलेला चुना पाण्यात ढवळायचा, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी घ्यायचं. चुना पाण्यात फारसा विरघळत नाही, लिटरला जेमतेम दीड ग्रॅम. पण त्या निवळीचा सामू १२ च्या वर असतो, आणि टाकीला हवा असतो ८.१ ते ८.४. म्हणून ती थेंब थेंब सोडायची, आणि तीही रात्री. अंधारात शैवालाचं प्रकाशसंश्लेषण थांबतं, सगळ्यांचा श्वास मात्र चालू राहतो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि सामू घसरतो. निवळी नेमकी तोच कार्बन डायऑक्साइड गिळून बायकार्बोनेट करते, म्हणजे कॅल्शियमही मिळालं आणि त्याचा जोडीदारही. एका रात्री मी अर्धी बादली एकदम ओतली होती. पाणी दुधासारखं झालं आणि शाळेतला प्रयोग मी २८५ लिटरवर यशस्वी करून दाखवला.

या चुन्यावर आणि स्किमरवर बर्लिनमध्ये डीट्रिख श्ट्यूबर यांनी अ‍ॅक्रोपोरा, म्हणजे शिंगासारख्या फांद्यांचं नाजूक प्रवाळ, घरच्या टाकीत वाढवून दाखवलं. तोवर हे प्रवाळ टाकीत टिकतच नाही अशी समजूत होती. त्यांनी फांद्या तोडून इतरांना वाटल्या, त्यांनी पुढे वाटल्या, आणि तीच वसाहत तुकड्या-तुकड्यांनी अटलांटिक ओलांडून अमेरिकेतही पोचली. छांदिष्ट त्या प्रवाळाला श्ट्यूबर यांच्याच नावाने ओळखतात. प्रत्येक तुकडा जनुकांनी हुबेहूब मूळ वसाहतच असतो, म्हणून तिला मारायचं तर जगातल्या सगळ्या टाक्या एकदम बंद पडाव्या लागतील.

हे मला कळलं २०१२ साली. २९ ऑक्टोबरला सँडी वादळ न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आलं आणि आमची वीज गेली ती आठ दिवस. पंप थांबले. पंचवीस अंशांचं समुद्राचं पाणी लिटरमागे सात मिलिग्रॅमसुद्धा प्राणवायू धरत नाही. लिटरभर हवेत त्याच्या सुमारे चाळीसपट असतो. पाणी हलतं राहिलं तरच वरून नवा प्राणवायू मिसळतो. मग आम्ही दोघं पाळीपाळीने तांब्या बुडवून हातभर उंचीवरून पाणी परत टाकीत सोडत बसलो, चहावाला चहा गार करतो तसं. लंडनमध्ये १८४६ साली अ‍ॅना थिन या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून आणलेली छोटी प्रवाळं अशीच जगवली होती: त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी रोज अर्धा-पाऊण तास पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतायची. त्या बाईंची प्रवाळं जगली. आमच्याकडे तिसऱ्या रात्री पहाटे डोळा लागला. एक मोठा मासा मेला, तो कुजायला लागला, कुजवणाऱ्या जिवाणूंनी उरलासुरला प्राणवायू संपवला आणि अमोनिया चढला. घरातलं तापमान तर केव्हाच १४ वर आलं होतं. वीज आली तेव्हा टाकीतून गटाराचा वास येत होता.

वसंतात क्लबातला प्लंबर दारात उभा. हातात पाण्याने फुगलेली पिशवी आणि पिशवीत हिरवी फांदी. मीच दोन वर्षांपूर्वी त्याला दिलेली. त्याच्याकडे जनरेटर होता.

हेच आता फ्लोरिडात सरकारी पातळीवर चालू आहे. २०१४ साली मायामीजवळ प्रवाळांचं मांस वितळवणारा एक रोग दिसला आणि पसरत गेला. तो अजून न पोचलेल्या भागातून निरोगी वसाहती उचलून देशभरातल्या मत्स्यालयांत ठेवायला दिल्या गेल्या. पिलर कोरल नावाची स्तंभासारखी जात फ्लोरिडाच्या समुद्रातून जवळजवळ संपली आहे. २०१९ साली फ्लोरिडा अ‍ॅक्वेरियममध्ये दिव्यांनी खोटे सूर्यास्त आणि खोटा चंद्रोदय घडवून तिच्याकडून अंडी-शुक्राणू सोडवले. फ्लोरिडातल्या प्रवाळांच्या रोपवाटिकांची सुरुवात करणारे केन नेडिमायर मुळात टाक्यांसाठी मासे पकडणारे आणि जिवंत दगड पिकवणारे. त्यांच्या दगडांवर समुद्रातून आपसूक शिंगप्रवाळ येऊन रुजलं, ते त्यांनी कापून कापून वाढवलं आणि २००७ मध्ये त्यातून संस्था उभी राहिली. मत्स्यालयाच्या धंद्याने समुद्र ओरबाडलाही आहे, सायनाइड फवारून मासे पकडण्यापर्यंत. ते मी नाकारत नाही. म्हणून आमच्यात समुद्रातून तोडून आणलेलं प्रवाळ मिरवणाऱ्याला फारसा मान नाही.

मुंबईचा चुलतभाऊ दर खेपेला म्हणतो, “दादा, एक तुकडा आण की सामानात.” आणता येत नाही. कठीण प्रवाळांच्या आंतरराष्ट्रीय ने-आणीला परवाने लागतात, आणि भारतात प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या शेजारी. मालवणच्या किनाऱ्यावर मेलेला तुकडा सापडला तरी तिथेच ठेवावा. मी त्याला सांगतो, तुझ्या घराजवळच प्रवाळ आहे. २०२० साली कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या छोट्या वसाहती परवानगी काढून दुसरीकडे हलवाव्या लागल्या होत्या. त्याला ते अजून खरं वाटत नाही.

गेल्या फेब्रुवारीत प्लंबरचा फोन आला, सकाळी साडेसहाला. त्याच्या टाकीतला हीटर चालू अवस्थेतच अडकला होता आणि रात्रभरात पाणी ३४ अंशांवर गेलं होतं. मी कात्री उकळत्या पाण्यातून काढली आणि विचारलं, किती तुकडे हवेत?

“दोन दे,” तो म्हणाला. “एक मरेल.”